पेनठाणा नकाशावर घ्यायचा का? एका ग्रामसभेच्या चित्रनकाशाचं प्रकरण

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, कोरची-कुरखेडा पट्ट्यातलं एक गाव. 70 घरं, बहुतेक गोंड आणि कंवर कुटुंबं. घरात गोंडी किंवा छत्तीसगढी, बाजारात मराठी. पारंपरिक हद्दीतलं जंगल सुमारे 1,000 हेक्टर. गोंड कुळांच्या देवांची, पेनांची, पवित्र ठिकाणंही याच जंगलात; त्यांनाच पेनठाणा म्हणतात. वनहक्क कायदा, 2006 खाली या जंगलावर सामूहिक वनसंसाधन हक्काचा (गावाने मिळून जंगल राखण्याच्या आणि वापरण्याच्या हक्काचा) दावा दाखल करायचा आहे. आदिवासी गावांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेला देणगीदाराकडून या गावासाठी चित्रनकाशा आणि माहितीसाहित्य तयार करायला निधी मिळाला आहे. (गाव आणि संस्था नमुन्याची आहेत. या भागात पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे एका गावात एकत्र केले आहेत, आकडेही गणित सोपं जावं म्हणून गोल केले आहेत. कायद्याच्या तरतुदी, मापं आणि कामाच्या रीती मात्र खऱ्या.)

मागणी अशी होती: घराघरात देता येईल असा ए-3 आकाराचा रंगीत नकाशा, समाजमंदिराच्या भिंतीवर मोठा नकाशा, वर्षभराच्या कामांचं कॅलेंडर आणि शेजारच्या गावांसाठी एक घडीपत्रक. देणगीदाराला अहवालात छापायला 'संस्कृती दाखवणारं' चित्र हवं होतं. ग्रामसभेला तीन गोष्टी हव्या होत्या: दाव्याच्या बैठकीत हद्द दाखवता यावी, तरुण पोरांना जंगलातली ठिकाणं नावानिशी कळावीत आणि तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, येणाऱ्या बाहेरच्या माणसाला गावाचे नियम समजावेत. या दोन मागण्या दिसायला एकच वाटतात. प्रत्यक्षात चित्रातल्या जवळपास प्रत्येक निर्णयाला त्या एकमेकींना छेद देतात.

पहिला मसुदा कुठे अडला

पहिला मसुदा शहरात बसून, उपग्रह छायाचित्रावर रेषा ओढून तयार झाला. दिसायला तो सुरेख होता, पण ग्रामसभेत चार कारणांनी अडला.

माणसं वारली पद्धतीची होती: त्रिकोणांची, तारपा वाजवणारी. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. 2014 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गोंड गावाच्या नकाशावर ती काढणं म्हणजे एका समाजाचा वारसा दुसऱ्याच्या अंगावर घालणं. त्यावर उपाय म्हणून ठिपक्या-रेघोट्यांची 'गोंड चित्रकला' सुचवली गेली. पण जनगढसिंह श्याम यांच्यामुळे जगभर पोचलेली ती शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान कलावंतांची. कोरचीतल्या भिंतींवर ती कधीच नव्हती. 'आदिवासी दिसेल असं' काढायला सांगितलं की चित्रकाराचा हात हमखास या दोन शैलींकडे वळतो. म्हणून संस्थेने काम देतानाच त्या कागदावर स्पष्ट लिहून द्यावं: शैली गावातल्या हातांची, बाहेरची उसनी नाही.

दुसरं कारण, मसुद्यात जंगलातली शेतं पिवळ्या तुकड्यांनी रंगवली होती. त्यातल्या काही तुकड्यांचे वैयक्तिक दावे अजून प्रलंबित आहेत. त्या दाव्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. तारीख नसलेल्या रंगीत नकाशावर शेत दिसलं की 'हे अतिक्रमण नवीन आहे' असं म्हणायला कुणालाही आयताच कागद मिळतो.

तिसरं, नाल्याची नावं टोपोशीटवरून (सर्वे ऑफ इंडियाच्या सरकारी नकाशावरून) घेतली होती. गावात त्या नाल्याला वेगळं नाव आहे, आणि खालच्या गावात तिसरंच.

चौथं आणि सगळ्यांत गंभीर कारण म्हणजे पेनठाणा. पेनांच्या दोन ठिकाणांवर नक्षीदार चिन्हं होती, आणि मसुदा मत मागवायला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेला होता.

आधी ठरवायचं ते, काय काढायचं नाही

या प्रकरणाचा कणा इथे आहे. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ग्रामसभेने तीन याद्या कराव्यात आणि ठरावात नोंदवाव्यात. सगळ्यांना दिसायला हरकत नाही अशा गोष्टी पहिल्या यादीत. गावातच राहावं, दप्तराबाहेर जाऊ नये ते दुसरीत. ज्याची नोंदच करायची नाही ते तिसरीत. या याद्या डिझायनरने करायच्या नाहीत, संस्थेनेही नाहीत. बायकांची बैठक वेगळी घ्यावी, कारण मोठ्या सभेत पुरुष देवस्थानांबद्दल बोलतात, आणि कंद, औषधी मुळं, सरपणाची जागा यांबद्दल बोलायला कुणी उरत नाही. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. याद्यांचा ठरावही याच गणपूर्तीने करावा, म्हणजे पुढे त्यावर बोट ठेवता येत नाही.

नमुना गावात पहिल्या यादीत आलं ते असं: वस्त्या, तलाव आणि बोड्या (लहान तळी), नाले, पांदणी, डोंगरांची नावं, मोहाचे पट्टे, तेंदू आणि बांबूचे भाग, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे), शाळा, अंगणवाडी, तेंदूची फळी. दुसरीत मधाच्या पोळ्यांचे कडे, औषधी मुळांच्या जागा, चारोळीची जुनी मोठी झाडं. चारोळीला बाहेर चांगला भाव आहे. नेमकी जागा कळली की व्यापाऱ्याची माणसं कच्चीच फळं उतरवून नेतात आणि फांद्याही मोडतात. तिसऱ्या यादीत पेनठाणा, पुरण्याच्या जागा, प्रलंबित दाव्यांची शेतं आणि जुन्या शिकारीच्या वाटा. वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार स्पष्ट शब्दांत वगळली आहे. आजोबांच्या आठवणीतली वाट म्हणून कुणी ती प्रेमाने काढली, तरी कार्यालयातल्या वाचकाला त्यात गुन्ह्याची कबुली दिसते.

पेनठाण्याचा पेच इतका सरळ नाही. वनहक्काच्या नियमांतल्या नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा जुन्या खुणा त्यात पुरावा म्हणून धरल्या आहेत. म्हणजे जी जागा लपवायची तीच दाव्याला सर्वांत जास्त बळ देते. आणि दाव्याच्या फायलीत एकदा गेलेला नकाशा सरकारी दप्तराचा भाग होतो. त्याची प्रत कुणाकुणाच्या हाती जाईल यावर गावाचा ताबा राहत नाही.

यातून निघालेला मार्ग असा. पेनठाण्याचा बिंदू कोणत्याही यंत्रात नोंदवायचा नाही. फायलीत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब जोडायचा: 'कक्ष क्रमांक अमुक मध्ये आमच्या अमुक कुळाचा पेनठाणा आहे, दरवर्षी अमुक महिन्यात पूजा होते.' वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हासुद्धा नियम 13 मधलाच मान्य पुरावा. वनखात्याचा एक कक्ष साधारण शे-दोनशे हेक्टरांचा असतो, त्यामुळे पुरावाही राहतो आणि जागाही उघडी पडत नाही. निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) मिळालं तर त्यातल्या नोंदी सोबत जोडाव्यात. चित्रनकाशावर पेनठाण्याची कोणतीच खूण काढायची नाही. तिथे पांढरी मोकळी जागाही ठेवायची नाही, कारण बाकी सगळीकडे झाडं आणि एकाच जागी रिकामं, हे बोट दाखवल्यासारखंच होतं. आजूबाजूला आहे तसंच जंगल तिथेही काढावं.

मोबाइलची शिस्त इथेच सांगून ठेवायला हवी. हद्द फिरताना पोरं फोटो काढतात. फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, आणि चालण्याचा माग ठेवणारं अ‍ॅप तो आपणहून क्लाउडवर चढवतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करायचं. माग नोंदवायला एकच ठरलेला फोन किंवा जीपीएस यंत्र वापरायचं. पेनठाण्याच्या बाजूने जाताना नोंद थांबवायची आणि पुढच्या खुणेपासून पुन्हा सुरू करायची.

हद्दीची रेघ

चित्रनकाशात झाडं मोठी काढता येतात, घरं तिरकी काढता येतात, पण हद्द आणि पाणी मोजमापानेच यायला हवेत. नियम 12 नुसार ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने ओळखता येतील अशा खुणांसह दाव्याचा नकाशा तयार करायचा असतो. चित्रनकाशाची रेघ त्या नकाशापासून वेगळी पडली, तर पुढे दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

फिरायचं ते धान घरात आल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे उपग्रहाचे संकेत बरे मिळतात आणि नाल्यांत उतरता येतं. मार्चमध्ये मोह, मे मध्ये तेंदू. त्या काळात बैठक ठेवली तर येणारे फक्त म्हातारे आणि संस्थेचे कार्यकर्ते असतात. 1,000 हेक्टरच्या वेड्यावाकड्या हद्दीचा फेरा सुमारे 16 किलोमीटर भरतो. डोंगर आणि बांबूच्या रांजीतून दिवसाला 7-8 किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. सोबत जाणते म्हातारे, सरपण-मोहासाठी रोज जाणाऱ्या बायका, वनहक्क समितीचे सदस्य आणि शेजारच्या गावाची माणसं. तलाठी आणि वनरक्षकांना लेखी कळवायचं, त्याची पोच ठेवायची.

प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक खुणेवर थांबायचं. जीपीएस यंत्र मोकळ्यावर 3 ते 5 मीटरपर्यंत अचूक सांगतं, दाट झाडीखाली 10 मीटर किंवा त्याहून जास्त चुकतं. म्हणून खुणेवर दोन मिनिटं यंत्र स्थिर धरून सरासरी घ्यायची. वहीत प्रत्येक बिंदूला चार रकाने: क्रमांक, खूण काय (दगड, नाल्याचा संगम, खिंड, येनाचं मोठं झाड), गावातलं नाव, शेजारच्या गावातलं नाव. हा चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. दाव्यातलं खुणांचं वर्णन, फायलीतला नकाशा आणि चित्रनकाशा, तिन्हीकडे शब्द तेच लागतात. एका ठिकाणी 'मोठा नाला' आणि दुसरीकडे त्याचंच दुसरं नाव आलं की दावा तपासणाऱ्या उपविभागस्तरीय समितीकडून फाइल परत यायला तेवढं कारण पुरतं. दोन नावं असतील तर दोन्ही लिहावीत, मधे तिरकी रेघ देऊन.

बिंदू संगणकावर घेताना क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. गडचिरोली यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या) 44 उत्तर पट्ट्यात येतं; सॉफ्टवेअरमध्ये त्याचा ईपीएसजी क्रमांक 32644. जुनी टोपोशीट स्कॅन करून खाली लावली असेल तर सावध राहावं. ती एव्हरेस्ट मापनपद्धतीवर आहे, जीपीएस यंत्र डब्ल्यूजीएस-84 या वेगळ्या पद्धतीवर. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं तर रेघ शंभर-दोनशे मीटर सरकते, आणि नाला हद्दीच्या आत आहे की बाहेर हेच उलटं होऊन बसतं. सर्वे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सीरिज शीटवर हा घोळ नाही.

शेजारच्या गावाशी वाद या टप्प्यावरच निघतो, आणि निघावाच. नमुना गावात दक्षिणेकडच्या मोहाच्या पट्ट्यावर दोन्ही गावांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जातात. एकाने हद्द पलीकडून ओढली तर दुसऱ्याला झाडं गेल्यासारखी वाटतात. अशा वेळी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, अशी नियम 12 मध्येच तरतूद आहे. तोडगा नकाशाच्या भाषेत सोपा आहे: त्या पट्ट्यावर तिरक्या रेघांची जाळी आणि सूचीत 'दोन्ही गावांचा वापर'. दोन्ही ग्रामसभांचे ठराव क्रमांक तिथेच लिहायचे. शेजारच्या गावाचा नकाशा पुढे होईल तेव्हा त्यांच्याकडेही हीच जाळी, याच जागी, याच नावाने यावी.

चित्र कुणी आणि कसं काढायचं

जंगलाची व्याप्ती पूर्व-पश्चिम 5 आणि दक्षिणोत्तर 3.5 किलोमीटर धरली, तर प्रमाण सहज बसतं. ए-3 वर 1:15,000 ने चित्र 333 बाय 233 मिलिमीटर येतं, उजवीकडे सूचीसाठी बोटभर रुंद पट्टा उरतो. मूळ चित्र मात्र ए-1 वर, 1:7,500 ने काढावं, म्हणजे बरोबर दुप्पट. हाताने काढलेलं चित्र लहान केलं की घट्ट दिसतं. मोठं केलं की प्रत्येक चूक मोठी होते.

क्यूजीआयएसमधून फक्त सांगाडा छापायचा: हद्द, नाले, तलाव, पांदणी, वस्त्या, 500 मीटरची जाळी, सगळं फिकट निळ्यात. चारही कोपऱ्यांत अधिक-चिन्हाच्या खुणा. त्यावर ड्राफ्टिंग फिल्म (आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद) चिकटवून गावातली पोरं-पोरी काळ्या शाईने काढतात. साधा ट्रेसिंग पेपर घेऊ नये. दमट हवेत तो फुगतो, आणि पावसाळ्यात काढलेलं चित्र उन्हाळ्यात स्कॅन केलं की कोपऱ्याच्या खुणा जुळत नाहीत. फिल्म हलत नाही. स्कॅन 400 डीपीआयने करावं. मोबाइलने फोटो काढून चालत नाही, कडा आत-बाहेर वाकतात. मोठा स्कॅनर नसेल तर तालुक्याच्या दुकानात चार तुकड्यांत स्कॅन करून जोडावं, प्रत्येक तुकड्यात किमान दोन जाळीचे छेद समान यायला हवेत. मग ते चित्र क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये सांगाड्यावर बसवून पाहायचं. कागदावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साडेसात मीटर. फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला तर तेवढा भाग पुन्हा काढावा.

कोणती गोष्ट कशी काढायची याचं उत्तर चाचणीतून येतं. प्रत्येक चिन्ह पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढून, खाली काही न लिहिता, दहा वेगवेगळ्या माणसांना दाखवायचं. 'हे काय?' एवढंच विचारायचं. आठ जणांनी ओळखलं तर ठेवायचं. झाडांच्या आकारावरून मोह, येन आणि बेहडा यांत फरक कळत नाही. मोहाखाली पडलेली फुलं आणि टोपली दाखवली की लगेच कळतं. तेंदूचं झुडूप कुणाला ओळखू येत नाही, पण 70 पानांचा बांधलेला पुडा लहान पोरही ओळखतं. म्हणजे चिन्ह झाडाचं नको, त्या झाडाशी माणूस जे काम करतो त्याचं हवं. बाण, फुली, टक्क्यांची वर्तुळं ही शाळेतली चिन्हं जुन्या माणसांना काहीच सांगत नाहीत. फुलीचा अर्थ 'इथे आहे' असा होतो की 'इथे जायचं नाही' असा, यावर तर एकाच घरात दोन मतं पडतात.

1,000 हेक्टरच्या ए-3 नकाशावर 35 ते 40 नावं आणि 18-20 चिन्हं मावतात. त्यापुढे डोळा थकतो. ग्रामसभेत नावं वाढतच जातात, आणि ती वाढायलाच हवीत, पण ती वहीत. कागदावर कोणती यायची हे त्याच सभेत हात वर करून ठरवावं. गोंडी नावं देवनागरीत, गाव उच्चारतं तशी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि म्हाताऱ्या माणसाने 'बरोबर' म्हणायचं. तोवर नाव पक्कं धरू नये.

छपाई आणि झेरॉक्सची परीक्षा

नकाशाच्या 100 प्रती छापल्या तरी त्याचं खरं आयुष्य झेरॉक्सवर जातं. एक प्रत तालुक्याला, तिची झेरॉक्स जिल्ह्याला, तिची पुन्हा कुणाला. म्हणून छपाईला देण्याआधी रंगीत नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स, तिची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढून पाहावी. तिसऱ्या प्रतीत हद्द, नाले आणि सामायिक पट्टा वेगळे दिसले पाहिजेत. फिकट निळा आणि पिवळा झेरॉक्समध्ये गायब होतो, लाल-हिरव्याचा एकच करडा होतो. त्यामुळे फरक रेघेच्या जातीत ठेवायचा: हद्द 1.2 मिलिमीटर जाड, तुटक रेघ आणि दोन ठिपके अशी, नाला गडद दुहेरी वळणाचा, सामायिक पट्टा 45 अंशांत दोन मिलिमीटर अंतराच्या रेघांचा. रंग त्यावरचा अलंकार.

अक्षरं 12 पॉइंटपेक्षा लहान नकोत. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, त्यामुळे लहान मापात तेच आधी भरून जातात. मुक्ता किंवा बलू हे फाँट मोकळे आणि फुकट उपलब्ध आहेत. गडबड होते ती प्रेसमध्ये. तिथे अजून श्रीलिपी आणि जुनं कोरलड्रॉ चालतं. युनिकोड मजकूर त्यात उघडला की जोडाक्षरं सुटतात, 'र्‍या' चं भलतंच होतं आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे चित्रात बदललेली, पीडीएफच द्यावी, कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी जादा कड) ठेवून. आणि पहिली प्रत निघते तेव्हा गावातलं वाचणारं एक माणूस प्रेसमध्ये हजर असावं. गोंडी नावातली चूक तिथल्या कुणालाच दिसणार नाही.

कागद 100-120 जीएसएमचा मॅपलिथो. चकचकीत आर्ट पेपर घडीवर फुटतो आणि पांढरी चीर नेमकी मधल्या नावावरून जाते. ए-3 ची तीनदा घडी घालून ए-6 होतो, खिशात बसतो. घडीच्या रेघा आधी मसुद्यावर आखून घ्याव्यात आणि त्यांवर नाव किंवा हद्दीची खूण येऊ देऊ नये. 100 प्रतींचा हिशोब: 70 घरं, शाळा आणि अंगणवाडीला प्रत्येकी एक, चार शेजारगावांना दोन-दोन, बाकी 20 ग्रामसभेच्या कपाटात. जंगलात गस्तीला जाणाऱ्यांसाठी 10 प्रती न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावर वेगळ्या काढाव्यात.

कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायचा मोह टाळावा. टाकायचाच असेल तर देशाची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या अधिकृत नकाशातलीच हवी, इंटरनेटवरून उचललेली नको. गाव कुठे आहे हे दाखवायला तालुक्याचा नकाशा पुरतो.

देणगीदाराचं आणि संस्थेचं चिन्ह मागच्या पानावर, तळाशी. पुढच्या पानावर ग्रामसभेचं नाव, ठराव क्रमांक, दिनांक आणि शिक्क्याची जागा. याबद्दल तडजोड करू नये. पुढे चार लोगो आले की गाव त्याला 'संस्थेचा नकाशा' म्हणतं, आणि मग त्यात दुरुस्ती करायला कुणी धजत नाही. त्याच पानावर एक ओळ हवी: 'हा नकाशा माहितीसाठी आहे; दाव्याची हद्द दाव्यासोबतच्या सही-शिक्क्याच्या नकाशाप्रमाणे.'

भिंत

भिंतीवरचा नकाशा 1:2,000 ने, म्हणजे चित्र 2.5 बाय 1.75 मीटर. सूची आणि नाव धरून 10 बाय 7 फूट जागा लागते. 500 मीटरच्या जाळीचा एक चौकोन इथे 25 सेंटिमीटरचा होतो, 10 आडवे आणि 7 उभे, एकूण 70. गवंड्याचं सूत गेरूत बुडवून जाळी मारायची आणि ए-1 चित्रातला एकेक चौकोन पाहून उतरवायचा. प्रोजेक्टर लावला तर वेळ वाचतो, पण वीज गेली की काम थांबतं. शिवाय चौकोन मोजत उतरवताना गावातली वीस माणसं नकाशा शिकतात, ते हुकतं.

भिंत निवडताना तोंड दक्षिणेकडे असलेली निवडावी. पाहणारा मग उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो आणि नकाशातली डावी-उजवी बाजू जमिनीवरच्या मावळती-उगवतीशी जुळते. नकाशा वाचायची सवय नसलेल्या माणसाला यानेच निम्मं काम सोपं होतं: हात लांब केला की डोंगर खरोखर तिकडेच असतो. दक्षिणेला ऊन जास्त, म्हणून ओसरीच्या आतली भिंत घ्यावी. लाल आणि पिवळा रंग ऑक्साइडचे घ्यावेत, बाकीचे तांबडे-पिवळे दोन उन्हाळ्यांत उडतात.

चुन्याच्या भिंतीवर थेट अ‍ॅक्रिलिक लावू नये, पापुद्रे सुटतात. तारेच्या ब्रशने चुना खरवडायचा, धुवायचं, वाळू द्यायचं, मग प्राइमर एक लिटर आणि पांढऱ्या एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात, दीड लिटर. सहा रंग प्रत्येकी 200 मिलिलिटर, हद्दीसाठी काळा अर्धा लिटर. जमिनीपासून अडीच फूट जागा सोडावी, पावसाळ्यात ओल तिथवर चढते. ओसरीच्या दुसऱ्या कडेला बसलेल्या माणसाला, म्हणजे तीन मीटरवरून, वाचता यावं यासाठी अक्षरं किमान 3 सेंटिमीटर, वस्त्या आणि मोठ्या नाल्यांची नावं 5. काम फेब्रुवारीअखेर संपवावं.

दरवर्षी बदलणाऱ्या गोष्टी रंगवायच्याच नाहीत. बांबू कटाईचे तीन भाग पाडून दरवर्षी एक तोडायचा असं ग्रामसभेने ठरवलं असेल, तर तीन ठिकाणी खिळे ठोकावेत आणि 'यंदा कटाई' लिहिलेली पत्र्याची पट्टी दरवर्षी हलवावी. बंदी असलेल्या चराईक्षेत्राचंही तसंच.

बाकीचं साहित्य

नकाशा नीट झाला की बाकीचं त्यातूनच निघतं. कॅलेंडर ए-3 च्या मागच्या बाजूला: फेब्रुवारीत जाळरेषा आणि तेंदूच्या झुडपांची छाटणी, मार्च-एप्रिल मोह, मे तेंदू, पुढे पेरणी आणि नव्या रोपांची राखण. मोहाखालचा पाला जाळण्याबद्दलचा नियम तिथे चित्रात दाखवावा: पाला झाडून गोळा करणारी बाई, झाडाखाली अंथरलेली जाळी. 'आग लावू नका' असं नुसतं लिहून उपयोग नाही, कारण जाळणाऱ्याला फुलं वेचायची असतात आणि त्यासाठी दुसरी सोय हवी असते.

शेजारगावांसाठीच्या घडीपत्रकात चारच गोष्टी: हद्द, सामायिक पट्टा, ग्रामसभेचे नियम आणि तक्रार घेऊन कुठे यायचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला छत्तीसगढी. मेंढा-लेखाला 2009 मध्ये हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, एवढा एक संदर्भ पुरतो. धानोरा तालुक्यातलं ते गाव या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण नकाशा फोटो म्हणून पाठवला की अक्षरं विरघळतात. पहिल्या यादीतलंच असलेली, 2 एमबीच्या आतली पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. सोबत गोंडीत दीड मिनिटाचा आवाज, गावातल्याच बाईचा किंवा पोराचा.

मालकी आणि दुरुस्ती

ए-1 ची मूळ फिल्म, क्यूजीआयएसची फाइल आणि बिंदूंची वही ग्रामसभेच्या पेटीत राहते. संस्थेकडे पहिल्या यादीची प्रत, तीही ठरावाने. करारात दोन कलमं हवीत: चित्रं काढणाऱ्या पोरा-पोरींची नावं द्यायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं, आणि देणगीदाराला किंवा कुणालाही नकाशाचा तुकडा इतरत्र छापायचा असेल तर प्रत्येक वेळी ग्रामसभेला विचारायचं. देणगीदाराला अहवालासाठी 'संस्कृती' हवीच असेल, तर मोह वेचण्याचं आणि पुडा बांधण्याचं चित्र द्यावं, तेही विचारून. पेनठाण्याचं चित्र मागितलं तर नाही म्हणावं, आणि हे निधीचा करार होण्याआधीच सांगावं. मसुदा तयार झाल्यावर सांगितलं तर तेवढ्यासाठी हप्ता अडकतो आणि दबाव गावावर येतो.

पहिल्या मसुद्याची जी चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर गेली ती पूर्ण परत येत नाहीत. गटातून सर्वांसाठी काढून टाकायची, ज्यांनी पुढे पाठवली त्यांना एकेकाला भेटून फोनमधून काढायला सांगायची, आणि ग्रामसभेत हे उघड सांगून नोंदवायचं. नव्या नकाशावर ठळक क्रमांक टाकावा, 'आवृत्ती 2', म्हणजे जुना तुकडा कुठे दिसलाच तर तो ग्रामसभेचा नाही हे सांगता येतं.

दुरुस्तीसाठी भिंतीशेजारी एक वही टांगलेली असावी. ज्याला चूक दिसली त्याने लिहावं किंवा लिहून घ्यावं, आणि तेंदूचा हंगाम संपल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेत ती वाचली जावी. भिंत लगेच दुरुस्त होते, छापील प्रती पुढच्या आवृत्तीला. हद्दीच्या खुणेबद्दलची नोंद मात्र तशी परस्पर बदलायची नाही. ती वनहक्क समितीकडे जाते, समिती शेजारच्या गावासोबत जागेवर जाऊन पाहते, आणि दोन्हीकडचा ठराव झाल्यावरच काळी रेघ हलते.